एकतीस नंबरचा बिल्ला

तिला वाटलं होतं, आपण परत आलो की गाव खडबडून जागं होईल. लोक माळ्यावर पडलेल्या पाट्या, दौती, फाटके हजेरीपट काखोटीला मारून जुन्या शाळेच्या दारात रांग लावतील. म्हातारी माणसं आपापल्या बाकावर हात फिरवतील, डोळे पुसतील. सहा वर्षं परमुलखात राहून ती हेच शिकून आली होती, की जुनी वस्तू जपायची कशी आणि तिला बोलतं करायचं कसं.

आणि सापडलं काय? दगड झालेल्या सिमेंटच्या दोन गोणी, अर्धा पृथ्वीचा गोल, कबुतरांनी केलेली घाण आणि पाच जणांची समिती. त्या समितीचं एकमत फक्त एका गोष्टीवर होतं, ते म्हणजे म्युझियममध्ये फोटो काढायला एक छानशी जागा हवी.

"हसा," म्हातारा सुतार म्हणाला. "तीसुद्धा हसायची. त्या रात्रीपर्यंत."

कारखान्यातली वीज जाऊन अर्धा तास झाला होता. सकाळी द्यायच्या खिडक्या अर्ध्या राहिल्या होत्या, करवत थंड पडली होती आणि हाताखालची चार पोरंपोरी भुशाच्या पोत्यांवर बसून चहा पीत होती.

"कोण ती, काका?"

"म्युझियमबाई. अध्यक्षांची भाची. ओळखता की सगळे. ते मोबाइल पालथे घाला बघू, एकाचा उजेड पुरे. आणि मध्येच 'खरं का, खरं का' करायचं नाही. तिच्याच तोंडून ऐकलंय मी हे."

मग त्यानं कप खाली ठेवला आणि सांगायला लागला.

आई गेल्यावर तिला वाढवलं ते मामांनी. शाळेत घातलं, लांब शिकायला पाठवलं, आणि ती परत आल्यावर समितीत स्वतःचा शब्द टाकून जुन्या शाळेचं काम तिच्या हातात दिलं ते मामांनीच. शाळा तुम्हाला ठाऊक आहे. गावाबाहेर, रस्त्याला लागून, दगडी, दोन खोल्या आणि वर पोटमाळा. नवी शाळा झाली तेव्हा ही बंद पडली. समितीनं ठरवलं, पाडायची नाही, जपायची.

बाईनं पदर खोचला. म्हणजे पदर नव्हता, जीन्स होती, पण समजून घ्या. दीड वर्ष ती त्या शाळेत राबली. स्वतः जाळी काढली, स्वतः बाक धुतले. बाकांवर पोरांनी कोरलेली अक्षरं वहीत उतरवून घेतली. लोक म्हणायचे, एवढं शिकून पोरगी झाडू मारतेय. ती म्हणायची, हाच तर इतिहास आहे, तो तुम्ही केराच्या टोपलीत टाकला होता. तोंडाला फटकळ, पण मनानं निर्मळ.

तिच्या जिवाची वस्तू एकच होती. बिल्ल्यांची फळी.

दारातून आत गेलं की उजव्या हाताला भिंतीवर सागवानी फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या सहा रांगा, एका रांगेत आठ खिळे. प्रत्येक खिळ्याला बिस्किटाएवढा पत्र्याचा बिल्ला. एक बाजू काळी, दुसरी पांढरी, पांढरीवर नंबर. पोरानं सकाळी आत येताना आपला बिल्ला पांढरा करायचा, घरी जाताना काळा करायचा. तेव्हाचे गुरुजी कानानं अधू होते. हाक मारली तरी उत्तर ऐकू यायचं नाही, म्हणून त्यांचा सगळा भरवसा त्या फळीवर. फळी काळी झाली की कुलूप. एक जरी बिल्ला पांढरा दिसला तरी गुरुजी पायरीवर बसून राहायचे, अगदी अंधार पडेपर्यंत. आणि नियम एकच, पण कडक. आपला बिल्ला आपणच फिरवायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही.

बाईनं अठ्ठेचाळीसही बिल्ले उतरवून साफ केले. त्यातला एक दोन्ही बाजूंनी काळा निघाला. तिला वाटलं, कुणा आळशी रंगाऱ्याचा प्रताप. तीन संध्याकाळी बसून तिनं एका बाजूचा काळा रंग पापुद्र्यापापुद्र्यानं खरवडला. खालून पांढरा लागला. पांढऱ्यावर तांबडा, वळणदार आकडा. एकतीस.

ती खुर्चीवरून उठून नाचली म्हणतात.

मग तिनं सगळे बिल्ले पुन्हा टांगले, आणि सगळे पांढऱ्या बाजूनं. पाहुण्यांना नंबर दिसायला हवेत ना. काळ्या फळीत बघण्यासारखं काय आहे?

उद्घाटन रविवारी सकाळी नऊला. शनिवारी संध्याकाळी गावचा सुतार दाराची कडी बसवायला शाळेत गेला...

"म्हणजे तुम्हीच ना, काका?"

"गोष्टीत मी नाही. गोष्टीत सुतार आहे. ऐकायचं तर ऐक, नाहीतर कप धुवायला घे."

...तर सुतार कडी बसवून वळला आणि फळी बघून जागच्या जागी उभा राहिला.

"हा कुणी खरवडला?"

"मीच, काका! बघा ना, किती सुंदर आकडा निघाला खालून."

"परत काळा करा. दोन्ही बाजूंनी."

"का?"

सुतारानं अध्यक्षांकडे पाहिलं. मामा तिथंच होते. ते छताच्या दिव्याकडे बघत होते.

"काळा करा एवढंच सांगतो," सुतार म्हणाला.

"काका, वस्तू मुळात जशी होती तशी ठेवायची असते. ज्याला जो रंग हवा तो फासायचा असेल तर म्युझियम कशाला, रंगाचं दुकान काढू."

मामा हसले. जरा जास्तच मोठ्यानं हसले. "ऐकायची नाही हो ती. बाहेर शिकून आलीय."

सुतार घरी गेला. चुकलंच त्याचं. पण मामांच्या तोंडावर काय बोलणार होता तो?

दोन गोष्टींवर मामा पहिल्या दिवसापासून अडून होते. एक, पोटमाळ्याची झडप उघडायची नाही. खिळे ठोकून बंद आहे ती बंदच बरी, वर उंदीर आहेत. आणि दुसरी, दर्शनी भिंतीवरची पाटी. शाळेचा इतिहास बाईनं लिहिला होता, प्रत्येक ओळीला आधार शोधून. शेवटची ओळ मामांनी घालायला लावली. 'एकशे अकरा वर्षांत या शाळेत एकाही मुलाच्या केसालाही धक्का लागला नाही.'

"याला आधार काय, मामा? एका वर्षाचा हजेरीपट तर गायबच आहे."

"मी इथं शिकलोय. हा आधार."

ज्यांनी वाढवलं त्यांच्याकडे पुरावा मागायचा तरी कसा? आयुष्यात पहिल्यांदा तिनं आधाराशिवाय एक ओळ लिहिली. ती ओळ तिला आठवडाभर दाढेत अडकलेल्या काडीसारखी टोचत होती.

पाटी छापून आली शनिवारी रात्री, टेम्पोतून, दहा वाजून गेल्यावर.

"सकाळी लाव की," मामा अंथरुणावरूनच म्हणाले.

"सकाळी पाहुणे असतील. दहा मिनिटांचं काम आहे. आलेच."

तिनं पाटी चादरीत गुंडाळली, स्कूटरला मागे बांधली आणि निघाली. मार्चमधला पहिला शनिवार. शाळेचं कुलूप उघडलं तेव्हा दहा चाळीस झाले होते. घड्याळ बघितल्याचं तिला पक्कं आठवतं.

आत नव्या पॉलिशचा वास होता. तिनं दिवे लावले, दार आतून लोटलं, स्टुलावर चढून पाटी टांगली. एक कोपरा खाली वाटला म्हणून पुन्हा चढली. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती.

टिक.

पत्र्यावर नख मारावं तसा आवाज.

तिनं मागं वळून पाहिलं. फळीवरचा पहिल्या रांगेतला एक बिल्ला खिळ्यावर डुलत होता. काळा.

"सैल झाला वाटतं," ती मोठ्यानं म्हणाली. खाली उतरून तिनं तो पांढरा केला. पुन्हा स्टुलावर चढली.

टिक.

तोच बिल्ला. काळा.

टिक. त्याच्या शेजारचा.

टिक. टिक.

तिनं खिडक्या पाहिल्या. बंद होत्या. पंखा बंद होता. रस्त्यावरून गाडी गेली नव्हती, की भिंत हादरली म्हणावं.

टिक... टिक. खालच्या रांगेतले. बाजूचे नाही, कुठलेही. इथला एक, तिथला एक. जसं ज्याचं आवरेल तसं.

मग एकदम... टिकटिकटिकटिक... धो धो सरी आल्यासारखे. दारात एकच गर्दी उडावी तसे. सगळी फळी हलत होती.

आणि थांबली.

ती स्टुलावरच उभी होती. हातात हातोडी. खाली उतरायचं तिला सुचत नव्हतं. सत्तेचाळीस बिल्ले काळे. चौथ्या रांगेत एक पांढरा.

एकतीस.

बाई शिकलेली होती. तिनं स्वतःला बजावलं, लोखंड आकसतं, लाकूड आकसतं, रात्री गार पडतं. ती फळीपर्यंत गेली. बोट लावलं.

बिल्ला गरम होता. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवावा तसा.

तिनं तो फिरवला. काळा केला.

वर, पोटमाळ्यावर... धप्.

बिल्ला तिच्या बोटांखाली वळला. पांढरा.

तिनं पुन्हा फिरवला. जोर लावून. धरून ठेवला.

धप्... धप्.

लहान हात. झडपेवर. आतून.

तिनं बोट काढलं. बिल्ला पांढरा झाला. वरचा आवाज थांबला.

पळावंसं नाही वाटलं का, असं विचारलं मी तिला नंतर. ती म्हणाली, पाय होते कुठं पळायला? तिनं खिशातून मोबाइल काढला आणि मामांना लावला. दुसऱ्याच रिंगला त्यांनी उचलला. म्हणजे ते जागेच होते.

"मामा... एकतीस नंबर कोण होता?"

पलीकडे खाट करकरली.

"मामा?"

"बिल्ला कुठल्या बाजूला आहे?"

"पांढरा."

"हात लावू नकोस."

"लावला. दोनदा फिरवला."

"पोरी," मामा म्हणाले, "दुसऱ्याचा बिल्ला फिरवायचा नसतो गं."

फोन बंद झाला.

ते आले तेव्हा साडेअकरा होत आले होते. पायजमा, बनियन, अंगावर शाल, पायांत दोन वेगळ्या चपला. अडुसष्ट वर्षांचा माणूस अंधारात चालत आला होता. मागून सुतार आला, हातात हातोडी आणि खिळे उपटायची कटावणी. मामांनीच त्याला दार ठोठावून उठवलं होतं. मामा आत आले नाहीत. पायरीवर बसले, जिथं गुरुजी बसायचे तिथं. दाराकडे पाठ करून.

"सांगा," ती म्हणाली.

"त्याला ठिपक्या म्हणायचो आम्ही," मामा म्हणाले. "नाकावर सगळे ठिपके होते. माझा तीस नंबर, त्याचा एकतीस. त्याची आई शिवणकाम करायची, हा पहाटे उठून तिच्या कपड्यांची गाठोडी पोचवायचा आणि शाळेत पेंगायचा. मग आमचं ठरलेलं होतं. दुपारी तो पोटमाळ्यावर नकाशांच्या गुंडाळ्यांमागे झोपायचा. शाळा सुटली की मी खालून हाक मारायची. मग दोघांनी आपापला बिल्ला फिरवून घरी जायचं."

"मग?"

"त्या शनिवारी त्याला ताप होता. मला म्हणाला, नक्की हाक मार हं. पुढे चार दिवस सुटी होती. आणि शाळा सुटता सुटता कुणीतरी ओरडलं, रस्त्यावर रोलर आलाय. रोड रोलर... कधी बघितला नव्हता गं आम्ही. सगळे धावले. मला वाटलं, बघून येतो आणि मग हाक मारतो. तोवर गुरुजींनी त्याचा पांढरा बिल्ला बघितला तर शोधतील, वर झोपलेला सापडेल, मार खाईल. म्हणून मी..."

मामांनी हवेत दोन बोटं फिरवली. एकदा. दुसऱ्यांदा.

"दोन्ही काळे केले."

सुतार दाराच्या चौकटीकडे बघत होता.

"गुरुजींनी फळी बघितली. काळी. पोटमाळ्यात मांजरं शिरतात म्हणून ते रोज झडपेला खालून कडी घालायचे. तशी घातली. कुलूप लावलं आणि गेले."

"आणि तुम्ही?"

"मी विसरलो." मामांचा आवाज अगदी साधा होता. "रोलर बघता बघता विसरलो. संध्याकाळी त्याची आई विचारायला आली तेव्हा आठवलं. तिनं विचारलं, माझा कुठंय? मी घाबरलो. म्हटलं, माझ्याबरोबरच निघाला होता."

"मामा..."

"चार दिवस गं. विहिरी उपसल्या, नदी धुंडाळली, झाडी पालथी घातली. शाळेत बघायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. फळी काळी होती ना. गुरुजी छातीला हात लावून सांगत होते, फळी काळी आहे, पोरगा शाळेतून गेलाय. आणि मी... रोज वाटायचं, आज सांगू. रोज एक दिवस जास्त झालेला असायचा."

पाचव्या दिवशी शाळा उघडली. पुढचं मामांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. त्या वर्षीचा हजेरीपट गुरुजींनी जाळला. सुताराच्या बापानं झडपेला चार इंची खिळे ठोकले आणि तो बिल्ला दोन्ही बाजूंनी काळा केला, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या हातून पांढरा व्हायला नको. आणि साठ वर्षांनी एका शहाण्या पोरीनं तीन संध्याकाळी बसून तो खरवडला. पांढरा करून टांगला. म्हणजे काय केलं? मूल शाळेत आहे, असं सांगितलं.

वर, पोटमाळ्यावर, कुणीतरी कूस बदलली.

तिघांनीही ऐकलं.

"गुरुजी असते तर काय केलं असतं?" तिनं विचारलं.

"थांबले असते," मामा म्हणाले. "बिल्ला पांढरा असेपर्यंत थांबायचे ते."

"तो कशासाठी थांबलाय, मामा?"

मामांनी शाल घट्ट ओढून घेतली. मग भिंतीला धरून उठले.

सुतारानं शिडी लावली. बापाच्या हातचे खिळे. एकेक खिळा किंचाळत निघाला. झडप खाली आली. वर अंधार... नुसता. जुन्या कागदांचा वास. काहीच हललं नाही.

मामा शिडीखाली उभे राहिले. मान वर केली.

"ठिपक्या..."

मामांनी शिडीला हात लावला.

"ए ठिपक्या... ऊठ."

दिव्याची बारीक गुणगुण. बाकी काही नाही.

"ऊठ रे. शाळा सुटली."

शिडीची सगळ्यात वरची पायरी वाजली.

मग दुसरी.

कुणी दिसत नव्हतं. तिसरी. थांबली. झोपेतून उठलेलं मूल उतरतं तशी... चौथी... पाचवी. मामा शिडीपासून मागं सरले नाहीत. सुतार सरला. खोटं कशाला बोलू, भिंतीला टेकेपर्यंत सरला. नववी पायरी शेवटची.

मग खोलीत काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

टिक.

एकतीस नंबर काळा झाला. आणि उघड्या दारातून गार वाऱ्याची झुळूक गेली. आत आली नाही... बाहेर गेली.

मामा खाली बसले आणि मूल रडतं तसे रडले. तिनं त्यांना जवळ घेतलं. पहाटे सहाच्या सुमाराला त्यांनी शालीनं तोंड पुसलं आणि उभे राहिले. चेहरा उजळला होता. दहा वर्षांनी लहान दिसत होते.

"चला. मोकळं झालं पोर," ते म्हणाले. "आता हे आपल्या तिघांत. इथून बाहेर जायला नको."

"आणि पाटी?" तिनं विचारलं.

मामांनी भिंतीकडे पाहिलं. 'एकाही मुलाच्या केसालाही धक्का लागला नाही.' तिच्यावर प्रकाश चांगला पडला होता.

"पाटी छान झालीय. राहू दे. नऊला माणसं येतायत. सगळ्या गावाला मला तोंड दाखवायचं आहे, बाळ. त्याच्या आईलासुद्धा जाऊन किती वर्षं झाली. आता कुणासाठी उकरायचं?"

ती सुताराकडे बघत राहिली. सुतार कटावणी पुसत होता. मग तिच्या डोळ्यांसमोर आलं, आई गेली तेव्हा हाच माणूस तिला खांद्यावर घेऊन रात्रभर अंगणात फेऱ्या मारत होता.

"बरं," ती म्हणाली.

दोघे निघून गेले. तिनं दिवे घालवले. दार ओढून घेतलं. कुलूप कडीत अडकवलं. किल्ली फिरवणार, तेवढ्यात...

टिक.

आत.

तिनं दार उघडलं. उजाडत होतं. फळी नीट दिसत होती. एकतीस काळाच होता. त्याच्या शेजारचा पांढरा झाला होता.

तीस.

तिनं बोट लावलं. गरम.

या वेळी तिनं तो फिरवला नाही. स्टूल ओढलं, चढली, पाटी उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग पायरीवर जाऊन बसली. तिथूनच तिला रस्त्यानं परत येणारे मामा दिसले, सात वाजता, इस्त्रीचा सदरा, केस नीट विंचरलेले.

त्यांना आधी रिकामी भिंत दिसली.

"हे काय?"

तिनं फळीकडे बोट केलं.

मामा पुढं झाले. खिशातून चष्मा काढला, घातला. पुन्हा काढला.

"तुमचाच नंबर ना?" ती म्हणाली. "फिरवा. आपला बिल्ला फिरवायला कुणाची मनाई नाही."

मामांनी हात उचलला. बिल्ल्याजवळ नेला. तिथंच राहिला तो. मग हात खाली आला.

"काय लिहिणार आहेस?"

"घडलं ते. दोघांच्या नावांनी."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर पाटी लागणार नाही. उद्घाटन होणार नाही. येणाऱ्या माणसांना मी दारातूनच परत पाठवीन." तिच्या हातात कुलूप होतं. तिनं ते मामांच्या हातात दिलं. "पण काहीही झालं तरी हे मी आता लावणार नाही. कुणीतरी आत आहे, मामा."

सांगता सांगता सुतार थांबला. कपातला चहा केव्हाच गार झाला होता.

"मग?" पोत्यावरची मुलगी म्हणाली. "उद्घाटन झालं का?"

"झालं. नऊला नाही, अकराला. पाटी हातानं लिहिलेली होती. मामांनी सांगितली, तिनं लिहिली. तुम्ही वाचली असतीत, पण तुम्ही कशाला जाताय म्युझियमला? फोटो काढायला जागा नाही ना तिथं."

कुणी हसलं नाही.

"मग फिरला का तो बिल्ला? त्यांनी सगळं सांगितल्यावर?"

सुतारानं रस्त्याच्या बाजूला मान वळवली. खिडकीच्या अर्धवट चौकटीतून बाहेरचा अंधार दिसत होता.

"रात्री घरी जाता ना शाळेवरून? दार उघडं असतं की नाही? मामा रोज संध्याकाळी पायरीवर येऊन बसतात. अंधार पडेपर्यंत. आत जाऊन बिल्ला फिरवणं सोडा, आत बघतसुद्धा नाहीत."

"पण मग पांढरा कुणी केला तो?"

तेवढ्यात वीज आली. करवत एकदम घुरघुरली, सगळे दचकले, एक कप फुटला. सुतार उठला, कोपऱ्यातला झाडू घेऊन तुकडे गोळा करायला लागला.

"बघायचं असेल तर जाऊन बघा," तो वाकल्या वाकल्या म्हणाला. "चौथी रांग, सहावा खिळा. हात लावू नका फक्त. गरम असतो अजून."